नवं लॉगिन मिळालं, आता पुढे? ग्रामीण नागपूरच्या आशाताई, सिस्टर आणि सीएचओंसाठी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी)

नागपूर जिल्ह्यातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुजू झालात की पहिल्या काही दिवसांतच दोन याद्या हाती पडतात, एक गावांची आणि एक ॲपांची. दुसरी जास्त घाबरवते. आरसीएच, यू-विन, एनसीडी, निक्षय, आयएचआयपी, ई-संजीवनी, आभा. कोणतं कशाचं ते पुढे येतंच. प्रत्येकाचं लॉगिन निराळं, आणि अपडेट आलं की कालचं बटण आज सापडत नाही. म्हणून बटणं पाठ करायच्या भानगडीत पडूच नका. ही सगळी ॲपं फिरून फिरून चारच गोष्टी विचारतात: माणूस कोण, राहतो कुठे, आज त्याचं काय केलं आणि पुन्हा कधी बोलावलं. ही चार उत्तरं तुमच्या रजिस्टरमध्ये पक्की असली की कुठलंही ॲप हाताला बसतं. ती कच्ची असली तर फोन कितीही भारी असो, चूक थेट जिल्ह्यापर्यंत पोचते आणि तिथून परत आणायला दमछाक होते.

फोन आधी स्वतःचा करून घ्या

ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्याकडे बऱ्याच फोनमध्ये जीमेल खातं दुकानदाराने नाहीतर भाच्याने उघडून दिलेलं असतं. पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. फोन बिघडला की सगळं गेलं. स्वतःचं खातं उघडा, पासवर्ड घरच्या वहीत लिहा. फोनच्या कव्हरमागे चिठ्ठी ठेवायची सवय असेल तर मोडा.

सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे का पाहा. तारीख चुकली की काही ॲप उघडतच नाहीत आणि काहींत कालचं लसीकरण उद्याचं दिसतं. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच द्या. स्क्रीन लॉक लावा. घरात लेकरं याच फोनवर कार्टून बघत असतील तर कामाच्या ॲपना वेगळं ॲप लॉकही लावा. लहानग्याच्या बोटाने एखादी नोंद उडाली तर ती कोणाला सांगणार?

जागा भरली अशी तक्रार करण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. अर्ध्या फोनवर सुप्रभातच्या फुलांनी कब्जा केलेला असतो.

कीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि माइकचं बटण दाबून बोलून लिहायची सवय करा. शेऱ्याच्या रकान्यात चार ओळी लिहायच्या असल्या की फार वेळ वाचतो. नाव मात्र बोलून टाकू नका. ते आधार कार्डावर आहे तसंच, एकेक अक्षर बघून टाका. आधारवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं असेल तर पैसे अडकतात, आणि मग ती बाई तुमच्याच दारात येते.

लॉगिनला जो नंबर दिला तो बदलू नका, रिचार्ज संपू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

आणि उन्हाळा. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर गेला की फोनही हात टेकतो. स्क्रीन अंधुक होते, चार्जिंग थांबतं, ॲप बंद पडतं. गाडीच्या डिक्कीत किंवा हँडलच्या स्टँडवर उन्हात फोन ठेवू नका. गृहभेटी सकाळी उरका, नोंदी सावलीत बसून करा. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारेही भेटतात. तसं करू नका, आत पाणी धरतं. लसीच्या आइसपॅकवर तर मुळीच नको.

कोणतं ॲप तुमचं, कोणतं नाही

रुजू झाल्यावर पीएचसीच्या डाटा ऑपरेटरशी ओळख करून घ्या. एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेबांइतकाच हा माणूस तुमच्या कामाचा आहे. त्याला सरळ विचारा, माझ्या पदाला कोणकोणती लॉगिन लागतात, आणि तेवढीच घ्या.

साधारण विभागणी अशी असते. गरोदर माता, बाळंतपण, कुटुंबनियोजन हे आरसीएचमध्ये जातं आणि मुख्यतः एएनएमचं, म्हणजे सिस्टरचं, काम असतं. लसीकरण यू-विनवर. तीस वर्षांवरच्या माणसांचं बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एनसीडीत (असंसर्गजन्य आजारांच्या ॲपात). त्याआधीचा, जोखमीचे गुण देणारा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. क्षयरोग निक्षयवर. ताप, जुलाब, कावीळ अशी लक्षणं गावात दिसली की साथींवर नजर ठेवणाऱ्या आयएचआयपीचा एस फॉर्म. संभाव्य निदानाचा पी फॉर्म डॉक्टरांचा आणि प्रयोगशाळेचा एल फॉर्म लॅबवाल्यांचा, त्यात आपण हात घालायचा नाही. ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला, ही आयुष्मान आरोग्य मंदिरात बसणाऱ्या सीएचओंची. पोषण ट्रॅकर अंगणवाडीताईंचा. तो तुमचा नाही, तरी त्यांच्या शेजारी बसून महिन्यातून एकदा बाळांची वजनं जुळवून बघा. एकाच बाळाचं दोन ठिकाणी दोन वजनं असली तर कोणाचा तरी काटा बिघडलाय.

ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ग्रुपवर कोणी फाइल टाकली आणि 'नवीन व्हर्जन, लगेच टाका' म्हणालं तर आधी तालुका आरोग्य कार्यालयाला फोन करून खात्री करा. त्या फाइलमागे काय असेल ते स्क्रीनवर दिसत नाही.

आधी रजिस्टर, मग स्क्रीन

नव्या मुलींना हा सल्ला जुनाट वाटतो. पण पहिला महिना रजिस्टर आधी लिहा आणि त्यावरून एंट्री करा. बाईसमोर बसून फोनमध्ये डोकं घातलं की ती बोलायची थांबते. तिच्या तोंडाकडे बघत ऐका, दोन ओळी लिहा, मग फोन काढा.

आरसीएचमध्ये बाई आधी पात्र जोडपं म्हणून नोंदली जाते, मग गरोदर म्हणून, मग बाळंतपण, मग बाळ. त्यामुळे नवीन नोंद करण्याआधी शोधायचं. नावाने, नवऱ्याच्या नावाने, मोबाईल नंबराने, आणि माता व बाल सुरक्षा कार्डावर आरसीएच नंबर असेल तर त्याने. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर काटोलला, माहेर कुहीला, म्हणजे तीच बाई दोन्हीकडे नोंदली जाण्याची पुरेपूर शक्यता. मग एकीकडे ती बाळंत झालेली असते आणि दुसरीकडे अजून गरोदरच राहते. संत्र्याच्या तोडणीला, वीटभट्टीवर, बांधकामावर छिंदवाडा-शिवनीकडून आलेली कुटुंबं असतात, त्यांच्याबाबतीतही आधी विचारा: तिकडे कार्ड काढलं होतं का? असेल तर त्यावरचा नंबर जिवापाड जपायला सांगा.

सगळ्यात जास्त गडबड पाळीच्या तारखेत होते, म्हणून इथे जरा थांबते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस तुम्ही टाकता आणि त्यात २८० दिवस मिळवून ॲप बाळंतपणाची तारीख काढतं. पुढच्या तपासण्या, टीडीचं (पूर्वीच्या टीटीच्या जागी आलेलं) इंजेक्शन, सोनोग्राफीची आठवण, सगळं त्या एका तारखेवर उभं असतं. बाई तारीख सांगत नाही, ती सांगते, "पोळ्याच्या दोन दिवस आधी." किंवा "मारबत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी." (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक.) हे उत्तर चांगलं आहे, तारखेपेक्षा भरवशाचं आहे. पण पोळा दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. मागच्या वर्षीचा अंदाज धरलात तर अकरा दिवस इकडेतिकडे. भिंतीवरचं कॅलेंडर तिच्यासमोर उघडा, बोट ठेवून दोघींनी मिळून दिवस ठरवा आणि मगच टाका. आठवतच नसेल तर महिन्याची १ तारीख ठोकून मोकळं होऊ नका. एमओंना सांगा, पहिल्या सोनोग्राफीवरून ठरवता येतं.

आभा काढताना

आभा म्हणजे आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा चौदा अंकी क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. गावात निम्म्या लोकांना वाटतं की हे पाच लाखांच्या मोफत उपचारांचं कार्ड आहे. ते आयुष्मान कार्ड, वेगळं. हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर उद्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कोणी आभा क्रमांक पुढे करून बिल माफ करा म्हणेल आणि शिव्या तुम्ही खाल. आभा ऐच्छिक आहे हेही सांगा. नको म्हणणाऱ्याला तपासणी नाकारायची नाही, औषधही अडवायचं नाही.

आता काम. आधार क्रमांक टाकायचा, संमतीचं पान वाचून दाखवायचं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा. पुढे रोज वापरात असलेला नंबर टाकायचा आणि कार्ड उतरवून घ्यायचं. एवढंच. अडतं ते ओटीपीवर. आधारला जोडलेला फोन नवऱ्याकडे असतो आणि नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये. म्हणून आदल्या दिवशी निरोप द्या किंवा संध्याकाळी जा. ऐनवेळी फोन करून "नंबर आलाय, सांगा" म्हणू नका. लोकांना बँकेवाल्यांनी, पोलिसांनी वर्षानुवर्षे शिकवलंय की ओटीपी कोणाला द्यायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. समोर बसून, कशासाठी हवा ते सांगून, त्यांच्याच हाताने टाकून घ्या.

टार्गेटच्या घाईत एक आडवाट फार चालते. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या आभाला आशाताई स्वतःचा नंबर जोडते. आज काम झालं. उद्या त्याचे निरोप, त्याचे ओटीपी तुमच्या फोनवर, आणि तुम्ही बाळंतपणाला गेलात की त्याचा मार्ग बंद. तसं करण्यापेक्षा घरातल्या लेकाचा, सुनेचा नंबर घ्या, त्यांना विचारून.

रेंज नाही तिथे

मनसर ओलांडून देवलापारकडे निघालात की हायवेवर रेंज असते, पेंचच्या जंगलाकडे आत वळलं की ती जाते-येते. "नेट येऊन नाही राहिलं" हे वाक्य त्या भागातल्या आशाताईंच्या तोंडी कायमचं आहे. काही ॲप नेट नसताना नोंद धरून ठेवतात, काही एकही पान उघडत नाहीत. तुमचं कोणतं कसं वागतं हे गावात जाऊन शोधायची गरज नाही. पीएचसीत बसूनच फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि एक नोंद करून पाहा. जे चालत नाही त्यासाठी वहीत आखलेला तक्ता ठेवा, तेच रकाने, त्याच क्रमाने.

रेंजमध्ये परतल्यावर सिंक करा, म्हणजे फोनमधल्या नोंदी सर्व्हरवर पाठवा, आणि सिंक झालं का ते डोळ्यांनी पाहा. पेंडिंगचा आकडा शून्य झाला पाहिजे. तो शून्य होण्याआधी तीन गोष्टी करायच्या नाहीत: लॉगआउट, ॲप काढून पुन्हा टाकणं, आणि 'क्लिअर डेटा'. ॲप अडकलं की कोणी तरी हमखास सांगतं, "काढून टाक आणि परत घे." फोनमध्येच अडकून पडलेल्या नोंदी त्याबरोबर जातात, आणि वही नसेल तर सगळी गावं पुन्हा पालथी घाला.

दिसतं तेच लिहा

बीपीच्या रकान्यात गावभर १२०/८० भरलेलं दिसलं की कोणताही एमओ समजतो की पट्टा दंडाला लागलाच नाही. मशीन बंद असेल तर तसं लिहा. सेल संपले असतील तर तसं सांगा. न तपासलेल्याला नॉर्मल लिहिलं की तो माणूस यादीतून गळतो, आणि लकव्यानंतरच परत सापडतो. सीबॅकमध्ये चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी आणायचं असतं. म्हणून कमरेचा घेर टेपने मोजा, नजरेने नको.

सिकलसेलचं जास्त सांभाळून. विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात या आजाराच्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. यादीत पर्याय एकाखाली एक असतात आणि बोट घसरतं. एएस म्हणजे वाहक, त्याला बहुधा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. वाहक मुलीला एसएस करून टाकलं तर उगाच गोळ्या, उगाच रडारड, आणि गावात कुजबुज झाली तर लग्नापर्यंत गोष्ट जाते. उलट झालं तर खऱ्या रुग्णाचा उपचार राहतो. सोल्युबिलिटी ही पहिली, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे निदान नव्हे, पक्की तपासणी येईपर्यंत घरच्यांना काही जाहीर करू नका आणि पक्क्या निकालाच्या रकान्यात अंदाजाने काही भरू नका. सेव्ह करण्याआधी कागदावरचा निकाल मोठ्याने वाचा.

निक्षयमध्ये सगळ्यात आधी बँक खातं नीट टाका. पोषण आहारासाठीचे पैसे १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये झाले आहेत आणि ते थेट खात्यात जातात. आयएफएससीचं एक अक्षर चुकलं तर क्षयाचा पेशंट औषधाबरोबर उपासही काढतो.

आयएचआयपीबद्दल थोडक्यात. एका वस्तीत चार-पाच जणांना ताप दिसला तर महिनाअखेरची वाट न बघता त्याच दिवशी भरा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि स्क्रब टायफस दोन्ही असतात, आणि गावाचं नाव बरोबर निवडलं तरच फवारणीवाले बरोबर गावात पोचतात. एकाच नावाची दोन गावं असतात, तालुका तपासा.

ई-संजीवनीवर डॉक्टरांसमोर बसताना

सीएचओंनो, कॉल लावण्याआधीची दहा मिनिटं खरी. नाव, वय, तक्रार किती दिवसांची, बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, शुगर, चालू गोळ्या, ॲलर्जी. हे सगळं आधी भरा. डॉक्टर पलीकडे आले आणि तुम्ही तेव्हा थर्मामीटर शोधताय असं नको. कातडीचा आजार असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून घ्या.

पेशंट आपल्या भाषेत बोलतो: "अंग कसकसून राहिलं", "पोटात मुरडा येते", "डोकं भणभणते". पलीकडच्या डॉक्टरांना ती बोली येईलच असं नाही. इथे तुम्ही दुभाषी आहात. आधी पेशंटचे शब्द जसेच्या तसे सांगा, मग त्याचा तुम्हाला लागलेला अर्थ. 'भणभणते'चं परस्पर 'चक्कर' करून टाकू नका. व्हिडिओ अडखळला तर आवाजावर चालू द्या. चिठ्ठी आली की औषधं पेशंटसमोर मोजून द्या आणि सकाळ-संध्याकाळच्या खुणा पाकिटावर करा. गुंगीची आणि नार्कोटिक औषधं टेलिमेडिसिनवर लिहून मिळत नाहीत, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. कोणी हट्ट धरला तर तेवढं सांगायला पुरतं.

छातीत दुखणं, साप चावणं, रक्तस्राव, झटके, श्वास लागणं: कॉल लावत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, साप चावल्याची वेळ हातावर पेनाने लिहा आणि पीएचसीला कळवा. एंट्री संध्याकाळी.

फोटो आणि गुपितं

वरून जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो मागतात, ग्रुपवर टाकायला सांगतात. बॅनरचा काढा, टीमचा काढा, रांगेचा मागून काढा. पेशंटचा चेहरा, कार्ड, रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये सरपंच असतात, कोणाचा दीर असतो, आणि संध्याकाळपर्यंत पानटपरीवर चर्चा. एचआयव्हीची माहिती फोडायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. क्षय, गर्भपात, कुमारी माता, मानसिक आजार यांतही तेवढाच कडक नियम स्वतःला लावा. डॉक्टरांना दाखवायचंच असेल तर एकट्या डॉक्टरांना, नावाऐवजी नोंदणी क्रमांक लिहून पाठवा आणि काम झालं की गॅलरीतून पुसा. ग्रुपवर फोटो टाकाच असा दबाव आला तर एमओंना लेखी विचारा. लेखी म्हटलं की बहुतेक वेळा मागणी थंडावते.

"तुमचं मानधन अडकलंय, लिंक उघडा" किंवा बाळंतिणीला "मातृवंदनाचा हप्ता आलाय, ओटीपी सांगा" असे फोन येतात. समोरच्याला बाळाचं नावसुद्धा माहीत असतं, म्हणून बाया फसतात. बाळंतपणानंतरच्या भेटीत हे आवर्जून सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. फोन हरवला तर आधी सिम बंद करा, पीएचसीला कळवून लॉगिन थांबवा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) बंद करवून घ्या. त्यासाठी आयएमईआय आजच वहीत लिहून ठेवा, *#०६# दाबलं की दिसतो.

अडलं तर कसं विचारायचं

ग्रुपवर "ॲप चालत नाही" लिहून उत्तर मिळत नाही. आधी दुसरी कुठली वेबसाइट उघडून पाहा, ती उघडत नसेल तर दोष नेटचा. उघडत असेल तर शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा, तिचंही बंद असेल तर सर्व्हर. तिचं चालू असेल तर तुमच्या लॉगिनचा प्रश्न. मग डाटा ऑपरेटरला चार गोष्टी पाठवा: स्क्रीनशॉट, वेळ, ॲपचं व्हर्जन, लॉगिन आयडी. पासवर्ड त्यालाही नाही. स्क्रीनशॉटमध्ये पेशंटचं नाव असेल तर ते आधी खोडा.

सर्व्हर महिनाअखेरीस दिवसा दमलेला असतो, पहाटे नाहीतर रात्री उशिरा बरा चालतो. पण म्हणून रात्री बारापर्यंत एंट्री करत बसायची सवय लावून घेऊ नका. ती एकदा लागली की सगळे तीच गृहीत धरतात. रोजचं रोज उरका.

आशाताईंनो, कामागणिक मोबदलाही मिळतो, म्हणून प्रत्येक कामाची तारीख, लाभार्थी आणि कोणत्या ॲपमध्ये भरलं हे स्वतःच्या डायरीत लिहा. महिन्याच्या शेवटी गटप्रवर्तकताईंसमोर डायरी आणि पोर्टलचा आकडा शेजारी ठेवा. फरक निघाला तर त्याच बैठकीत बोला, तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

बदली झाली, रजेवर निघालात, तर तुमचं लॉगिन दुसरीला वापरायला देऊ नका. तिच्यासाठी तालुक्याकडून वेगळं मागा, पेंडिंग शून्य करा, वही आणि येत्या महिन्यात बाळंत होणाऱ्यांची यादी हातात द्या, आणि त्या यादीतल्या जोखमीच्या बायांच्या घरी तिला एकदा सोबत नेऊन आणा.